कुलपातला आवाज

१

लॅपटॉप ताईचा आवाज गिळून बसलाय, हा निरोप आला तेव्हा भिंगरी एका जळक्या गोदामात काजळी हुंगत फिरत होती. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणं हा तिचा पोटाचा धंदा. आग लागली की लावली, गाडी खांबावर आदळली की कुणी हातोड्यानं चेपली, हे तिला ठरवायचं असे. एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. थोरल्या बहिणीनं लहानपणीच तिचं नाव भिंगरी ठेवलं, आणि “भिंगरे, बस खाली” हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा घुमायचं की पाहुण्यांची मुलंही ते शिकून जायची.

शस्त्रक्रियेपासून ते वाक्य कुणी म्हटलं नव्हतं. ताईच्या घशातली गाठ वाईट निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. ताई मोटार चालवायला शिकवायची. अर्धं शहर तिच्या “क्लच, क्लच, अहो क्लच” या ओरड्यावर तयार झालेलं. जीव वाचला हे खरं, पण ओरडल्याशिवाय मोटार शिकवायची कशी, आणि मोटार शिकवायची नाही तर ताईनं दिवसभर करायचं काय? त्यावर एक उपाय होता. आधीच आपल्या आवाजात पुष्कळशी वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली, तर त्यांतून त्याच आवाजात बोलणारं यंत्र बनवता येतं. ताईनं तो दुखरा घसा घेऊन वाक्यांमागून वाक्यं वाचली होती. तो सगळा ऐवज वाचा-उपचार केंद्रातल्या एका लॅपटॉपमध्ये होता. दुसरी प्रत नव्हती, आणि ती ताईच्याच हट्टापायी नव्हती. दुसऱ्याचा आवाज चोरून त्याच्या नातेवाइकांना फोनवर गंडवणाऱ्यांच्या बातम्या तिनं वाचल्या होत्या. आपला आवाज कुलपाबाहेर पाऊल टाकता कामा नये, अशी तिची ताकीद होती.

आता त्याच कुलपानं दगा दिला होता. भिंगरी केंद्रात पोचली तेव्हा रेकॉर्डिंगच्या खोलीत लॅपटॉप टेबलावर उघडा होता आणि पडद्यावर एका लांबलचक आकडी किल्लीची मागणी झळकत होती. एरवी तो फक्त छोटा पिन मागायचा. केंद्राच्या प्रमुख बाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या. येणाऱ्या प्रत्येक पेशंटला त्या “अडलं तरी बोला” असं सांगत, म्हणून सगळे त्यांना बोलत्याबाई म्हणत. आज मात्र त्यांचेच शब्द अडत होते.

“ती मोठी किल्ली कुठं ठेवलीय?” भिंगरीनं विचारलं.

बाईंनी खाली पाहिलं. ती त्यांनी लॅपटॉप घेतला त्याच दिवशी नीट जपून ठेवली होती. त्याच लॅपटॉपमध्ये.

तिजोरीची किल्ली तिजोरीतच कोंडणाऱ्या माणसाला काय म्हणावं हे भिंगरीच्या जिभेवर आलं होतं, पण कोपऱ्यातल्या खुर्चीत ताई बसली होती. गळ्याला रुमाल, मांडीवर पांढरी पाटी. तिनं पेन काढलं, पाटीवर काहीतरी लिहिलं आणि धाकट्या बहिणीकडे वळवून धरलं.

“गेला ना?”

२

भिंगरी खोलीभर येरझाऱ्या घालू लागली. केंद्राचे लॅपटॉप सांभाळणाऱ्या कंपनीच्या माणसाला सगळे चिपवाला म्हणत. तिनं त्याला फोन लावला आणि तिला कळेल अशा भाषेत बोलायला सांगितलं.

“तुमची खाष्ट सासू आहे असं समजा,” चिपवाला म्हणाला. “सगळ्या कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला. घर तेच आणि माणसं ओळखीची असली, तरच ती किल्ली सोडते. जरा काही वेगळं दिसलं की कमरेवर हात ठेवून उभी. लॅपटॉपच्या मुख्य बोर्डवर तशी एक चिप डाख देऊन पक्की बसवलेली असते. डिस्कवरचा मजकूर गिचमिड करून ठेवलेला असतो. किल्ली मिळाली तरच तो वाचता येतो.”

मग आता सासूबाई का फुगल्या, असं भिंगरीनं विचारलं. फोनवरून नक्की सांगता येत नाही, पण कुणीतरी आत हात घातलाय, असं तो म्हणाला. आणि चिपनं किल्ली दिली नाही, मोठी किल्लीही हाती नसली, तर जगातला कुणीही ती डिस्क उघडू शकत नाही. जेवण उरकून तो केंद्रात येणारच होता. बाईंनी सकाळी घाबरून सगळ्याच लॅपटॉपांचा बंदोबस्त करायला सांगितलं होतं. आधी प्रत्येकाची चिप पुसून कोरी करायची, मग नवी कुलपं. भिंगरीनं ते एका कानानं ऐकलं. तिचं लक्ष दुसऱ्या कानाकडे होतं.

खोली फार शांत होती. भिंतींना जाड गादीसारखे पट्टे, खाली सतरंजी, खिडकीला दुहेरी काच. त्या शांततेत टेबलावरचा लॅपटॉप बारीक सुरात कुणकुणत होता, उशाशी डास असावा तसा. तिनं तो बाजूनं न्याहाळला. चार्जरची पिन सरळ बसत नव्हती, म्हणून कुणीतरी खाली पुठ्ठ्याची घडी सारून ती तिरकी टेकवली होती. बाकी सगळं जसंच्या तसं होतं. झाकणावरचा ओरखडा होता. खोकला आला की चटकन रेकॉर्डिंग थांबवता यावं म्हणून ताईनं एका बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता, तोही होता. चोरानं लॅपटॉपच बदलला असावा ही तिची पहिली शंका तिथंच गळाली.

बाईंचा संशय सरळ होता. रेकॉर्डिंग करणारा कानसेन. पिन त्यालाच ठाऊक. रेकॉर्डिंग संपल्यावर तो बाईंशी भांडून निघून गेला होता, आणि जाताना “मी नसल्यावर कळेल तुम्हाला” असं सगळ्यांदेखत म्हणाला होता. हे सांगताना बाईंनी एकदाही ताईकडे पाहिलं नाही. पुढच्या तासाला एक अडखळत बोलणारा मुलगा ऑनलाइन येणार आहे, असं सांगून त्या आपल्या खोलीत गेल्या.

काउंटरवरच्या काकूंना मात्र कानसेनाबद्दल वाईट बोलवेना. माणूस तोंडाचा फाटका, पण मनाचा नाही, असं त्यांचं मत. भिंगरीनं काउंटरवरचं पेन उचलून फिरवत त्यांना बोलतं ठेवलं, तसं त्यांनी केंद्राचं सगळं रडगाणं गायलं. पाणी नीट येत नाही. पेशंट वेळेवर येत नाहीत. मध्यंतरी बाईंचे ऑनलाइन तास तर सारखे बंद पडायचे. मूल एक शब्द महत्प्रयासानं ओठांवर आणायचं आणि नेमका तेव्हाच इकडे पडदा काळा. बाई रडकुंडीला यायच्या.

“आता नाही पडत बंद?”

“नाही हो. हल्ली अगदी सुरळीत.”

भिंगरीनं पेन खाली ठेवलं. काहीतरी टोचत होतं, पण काय ते हाताला लागत नव्हतं. खुर्चीत बसून विचार करणं तिच्या स्वभावात नव्हतं. ताईला तिथंच बसवून ती कानसेनाला गाठायला निघाली.

३

कानसेन एका सभागृहात स्पीकर लावत होता. शिडीवरून उतरला तो कपाळाला आठ्या घालूनच. आपल्यावर आळ आलाय हे त्याच्या कानी आलं होतं. भांडण झालं हे त्यानं नाकारलं नाही. बाईंना रेकॉर्डिंगच्या खोलीत ऑनलाइन तास घ्यायचे होते, आणि त्यांच्या त्या लॅपटॉपसकट त्यानं त्यांना दाराबाहेर काढलं होतं. मालकिणीला बाहेर काढणारा नोकर किती दिवस टिकणार?

“त्यांच्या लॅपटॉपचं एवढं काय वावडं?” भिंगरीनं विचारलं. ती त्याच्या शिडीभोवती फेऱ्या मारत होती.

“पंखा. दोन्ही लॅपटॉप एकाच दिवशी आले, एकाच जातीचे. मी दोन्ही कानाला लावून पाहिले. एक कुणकुणायचा. तो बाईंना दिला. दुसऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता, तो ताईंसाठी ठेवला. तुम्ही ऐकाल तेव्हा कळेल, त्यांच्या वाक्यांमागे फक्त शांतता आहे.”

भिंगरी थांबली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचे पाय जमिनीला टेकून राहिले.

कानसेनाला ते दिसलं नाही. तो आपल्याच नादात सांगत होता की, शेवटच्या दिवशी ठरलेली वाक्यं संपल्यावर त्यानं ताईंना खोलीत एकटं सोडलं होतं. घरात रोज जे बोलता ते बोला, असं सांगून. “काय बोलल्या ते मी ऐकलेलं नाही. माझ्या ऐकण्यासाठी नव्हतंच ते.” त्यानं हातातली वायर गुंडाळली. “तुम्हीच सांगा, मी त्या आवाजाला कशाला हात लावीन?”

भिंगरीच्या डोळ्यांपुढे मात्र एक जुनी गाडी उभी होती. मागं कधीतरी तिनं पाहणी केलेली. पत्रा तोच, नंबर तोच, मालकानं सीटला पाडलेलं भोकही तेच. आतलं इंजिन मात्र दुसऱ्या गाडीचं. बाहेरून शपथेवर खरी आणि आतून परकी.

ओरखडा तोच. लाल ठिपका तोच. पण पंखा कुणकुणत होता आणि चार्जर तिरका बसत होता. पंखा बोर्डावर बसलेला, चार्जरचं छिद्र बोर्डावर डाख देऊन बसवलेलं. आणि त्याच बोर्डावर कमरेला जुडगा लावून सासूबाई.

ताईच्या लॅपटॉपच्या पोटात बाईंचं इंजिन होतं. मग ताईचं इंजिन कुठं होतं? ज्यावरचे तास हल्ली अगदी सुरळीत चालले होते, त्या लॅपटॉपमध्ये. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. ताईच्या आवाजाची किल्ली मेलेली नव्हती. भिंतीपलीकडे, बाईंच्या टेबलावर जिवंत होती.

तेवढ्यात तिला चिपवाल्याचं ते दुसरं वाक्य आठवलं, आणि पाचावर धारण बसली. आधी प्रत्येकाची चिप पुसून कोरी करायची.

४

चिपवाला फोन उचलेना. काउंटरचा फोन काकूंनी उचलला आणि सांगितलं की, तो मघाशीच आला, बाईंचा तास नुकताच संपलाय आणि दोघं त्यांच्याच लॅपटॉपपासून सुरुवात करतायत. त्याला थांबवा, असं भिंगरी किंचाळली. थांबा हं, विचारून येते, असं म्हणून काकूंनी फोन टेबलावर ठेवला, आणि लगेच समोर आलेल्या कुणा पेशंटशी त्यांचं बोलणं सुरू झालेलं भिंगरीला ऐकू आलं.

कानसेनाचा दंड धरून ती रिक्षाच्या दिशेनं धावली, आणि धावताधावता ताईला निरोप टाइप केला. ज्या बाईला हाक मारता येत नाही तिला तातडीचं काम सांगणं याहून वेडेपणा तो काय, पण दुसरं होतं कोण? “बाईंच्या खोलीत जा. त्याला थांबव. तुझी किल्ली त्या लॅपटॉपमध्ये आहे.”

पुढचं तिला नंतर काकूंकडून कळलं, आणि काकूंनी ते पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. ताईचा फोन वाजला. ताईनं वाचलं. पाटी घ्यायलाही ती थांबली नाही. बाईंच्या खोलीचं दार तिनं खांद्यानं उघडलं. चिपवाला लॅपटॉपपुढे बसला होता. पडद्यावर प्रश्न होता की, चिप कायमची पुसायची असेल तर हे बटण दाबा. त्याचं बोट बटणाकडे निघालं होतं. ताईनं तोंड उघडलं. गळ्यावरच्या रुमालामागून नुसती हवा आली, शब्द आला नाही.

पण नवशिक्यांच्या शेजारी बसून ताईचं आयुष्य गेलं होतं. समोरच्याला सांगून भागत नसेल तर काय करायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं चिपवाल्याचं मनगट पकडलं आणि हँडब्रेक ओढावा तसं वर खेचलं. खुर्चीसकट तो मागं आला.

आणि मग, भिंगरी येऊन पोचेपर्यंत, तिनं ते मनगट सोडलं नाही.

५

भिंगरीनं सगळं सांगितलं, अर्थातच चालताचालता. पंखा, पुठ्ठ्याची घडी, बंद पडणारे आणि मग न पडणारे तास. चिपवाल्यानं मनगट चोळत मान हलवली. या चिपमध्ये एक जुनी किल्ली आहे आणि डिस्कला तर कुलूपच नाही, हे त्याला दिसलं होतं, पण पूर्वीचं काहीतरी राहिलं असेल असं वाटून तो पुढं निघाला होता. डिस्कला कुलूप नव्हतं, कारण रोज पिन टाकायचा बाईंना कंटाळा. म्हणूनच बोर्ड बदलल्यावर त्यांचा लॅपटॉप हूं की चूं न करता चालू झाला आणि ताईचा अडून बसला.

“बोर्ड आपण होऊन चालत जात नाही,” भिंगरी म्हणाली. “कानसेनाला दोष द्यायचा तर त्यानं हा कुणकुणणारा पंखा आपण होऊन ताईच्या मागे लावला असं म्हणावं लागेल. त्यापेक्षा तो स्वतःचे कान कापून देईल. फायदा एकाच माणसाचा झालाय.”

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यांवरून त्या रडतायत की चिडल्यात हे कळत नव्हतं.  ताईनं आपली पाटी मागून घेतली, लिहिलं, आणि बाईंच्या समोर जाऊन धरली.

“अडलं तरी बोला.”

बाई बोलल्या. थांबत थांबत, त्यांच्या पेशंटसारख्या. तो अडखळणारा मुलगा कित्येक महिन्यांनी स्वतःचं नाव पुरं उच्चारण्याच्या बेतात होता आणि दर वेळी पडदा काळा व्हायचा. बाहेरचा एक दुरुस्तीवाला म्हणाला, बोर्डच बदलावा लागेल, नवा यायला वेळ लागेल. ताईंचं रेकॉर्डिंग संपलं होतं, तो लॅपटॉप नुसता पडून होता, म्हणून दोन्हींचे बोर्ड अदलून घेतले. माहिती तर डिस्कमध्ये असते, डिस्कला धक्का लावू नकोस, असं बाईंनी त्याला बजावलं होतं. तो बिचारा त्या शब्दाला जागला. आज सकाळी तो पडदा दिसला तेव्हा आपल्यामुळेच झालं असेल अशी शंका आली. दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मी डिस्कला हातही लावला नाही. त्यावर त्यांनी स्वतःची समजूत घातली, आणि मग कानसेनाचं नाव फार सोपं वाटलं.

“चोर नाही हो मी,” त्या म्हणाल्या. “भ्याले.”

वड्याचं तेल वांग्यावर काढलं, असं कानसेन पुटपुटला. दिवसभर दुसऱ्यांना बोलायला लावणारी बाई नेमकी बोलायच्या वेळी गप्प बसली, आणि जिला बोलता येत नव्हतं तिनं आपला आवाज हातानं ओढून वाचवला. भिंगरीला बाईंचा संताप आला होता. त्या मुलाचं पुढं काय झालं हे विचारावंसंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं करायचं ते तिला कळेना. ते ताईनं विचारलं, पाटीवर. बाईंनी सांगितलं की, तो आज नाव बोलला. ताईनं पाटी पुसली.

चिपवाल्यानं दोन्ही लॅपटॉप उलटे केले, स्क्रू काढले, ज्याचं त्याला दिलं. भिंगरी दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फिरत राहिली. सासूबाईंना इतक्या उलथापालथीचा राग तर आला नसेल? मोठी किल्लीच मागितली तर? शेवटी चिपवाल्यानं ताईचा लॅपटॉप सुरू केला. कुणकुण नव्हती. त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. पडद्यावर फक्त छोट्या पिनची मागणी आली.

कानसेन पुढं झाला. त्यानं पिन टाकला. मग त्यानं रांगेनं लागलेल्या फाइलींतली सगळ्यात शेवटची उघडली आणि ताईकडे पाहिलं. ताईनं मान डोलावली.

आधी शांतता आली, त्यानं सांगितली होती तशी. मग फाइलीतली ताई खोकली, तिनं घसा खाकरला. जिच्या गळ्याला रुमाल होता ती ताई खुर्चीत बसून ऐकत होती. भिंगरी अजून चालत होती, खिडकीकडून दाराकडे, कारण थांबलं तर रडू येईल हे तिला ठाऊक होतं.

“भिंगरे,” ताईचा आवाज म्हणाला, “बस खाली.”

आणि भिंगरी मटकन खाली बसली.